आयरिस राहू द्या, गुलबक्षी लावा

‘आयरिसचे गड्डे ऑनलाइन मागवले. पानं जोमदार आली, पण फूल काही येत नाही. खत बदलावं का?’ असा प्रश्न जालना एमआयडीसीतल्या एका वाचकांनी पाठवला आहे.

खताचा दोष नाही. दोष द्यायचाच तर जालन्याच्या हिवाळ्याला द्यावा लागेल. पाकळीवर लव असलेला, जांभळा-पिवळा झुपकेदार आयरिस आपण फोटोत पाहतो, तो थंड मुलखातला. काश्मीरमध्ये तो कबरस्तानांत आणि मातीच्या धाब्यांवर फारशी निगा न राखताही फुलतो, कारण तिथे त्याला आठवडेच्या आठवडे सलग थंडी मिळते. जालन्यात डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीसवर जातो. एवढ्यानं झाडाचं समाधान होत नाही. थंडीनंतरच फुलणाऱ्या वनस्पतींत फुलोरा अडवून धरणारी यंत्रणा असते. थंडी पुरेशी भरली तरच ती सैल पडते. धान्यपिकांवर हे पद्धतशीर दाखवलं जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गुस्ताव गासनर यांनी, 1918 मध्ये. गाजावाजा मात्र दहाएक वर्षांनी सोव्हिएत रशियातल्या लिसेंकोनं स्वतःच्या नावावर करून घेतला. असो, त्याच्यावर पुन्हा कधीतरी.

त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात पाणी धरते आणि गड्डे सडवते. ‘सात रंगांचं आयरिस बी’ अशा जाहिरातींना तर अजिबात भुलू नये. आयरिसच्या नामांकित जाती गड्डे फोडूनच वाढवतात. बियांतून आईसारखंच फूल येईल याची खात्री नसते आणि वाट पाहावी लागते ती दोन-तीन वर्षं.

आयरिसचं घराणं सोडायचंच नसेल तर नर्सरीत बेलमकांडा किंवा लेपर्ड लिली मागा. केशरी पाकळ्यांवर लाल ठिपके असतात आणि ऊन सोसतं. लिनियसनं 1753 च्या ग्रंथात याची दोन नावांनी दोनदा नोंद केली, त्यातली एक तर चक्क ऑर्किडांत! डीएनएच्या पुराव्यानंतर 2005 मध्ये त्याला अधिकृतपणे आयरिस म्हणायचं ठरलं. म्हणजे वाचकांना हवा असलेला आयरिस आपल्याकडे होताच, फक्त त्याचं आडनाव वेगळं होतं.

पण मुळात ‘काटक बारमाही झाड’ ही कसोटी आपण इंग्लंडातल्या बागांच्या पुस्तकांतून उचलली आहे. तिथे काटक म्हणजे बर्फात तगणारं. जालन्यात काटक म्हणजे मे महिना काढणारं. बेचाळीस अंशांचं ऊन, रोलिंग मिलच्या बाजूनं येणारी धूळ आणि टँकरचं मोजकं पाणी. 2012-13 चा दुष्काळ ज्यांनी इथे काढला त्यांना वेगळं सांगायला नको. अशा ठिकाणी टिकतात ती उन्हाळ्यात सरळ जमिनीखाली निघून जाणारी झाडं. पावसाळी लिली पहिल्या वळवानंतर अचानक उगवते. निशिगंधाच्या ‘प्रज्वल’, ‘शृंगार’ या बंगळूरच्या संशोधन संस्थेच्या जाती आता ठिकठिकाणी मिळतात. कर्दळीला मात्र पाणी लागतं, तिला नळाजवळ जागा द्या. कळलावी दिसायला अप्रतिम, पण गड्डा जहरी.

आणि गुलबक्षी. तिचं नाव घेतलं की लोक नाक मुरडतात, कारण ती फुकट मिळते. माझ्या मते या यादीत सर्वांत मोठं विज्ञान तिच्याकडेच आहे, आणि त्याचा जालन्याशी थेट संबंध आहे.

ही मूळची उष्ण अमेरिकेतली. जमिनीत जाडजूड मूळ, वर दरवर्षी नवी फूट. फूल उमलतं दुपारी चारच्या सुमारास आणि सकाळी मिटतं, कारण तिचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे रात्री फिरणारे लांब सोंडेचे पतंग. आपण जिला पाकळी म्हणतो ती पाकळी नाहीच, तो निदलपुंज आहे. तिचा राणी रंगही जास्वंदी-गुलाबाच्या जातीचा नाही, तो बीटच्या रंगद्रव्याचा भाऊबंद. 2005 मध्ये गुलबक्षीचा पिवळा भाग निळ्या प्रकाशात हिरवट चमकतो असं स्पेनच्या संशोधकांनी दाखवलं, आणि ‘परागवाहकांना बोलावणारी चमकणारी फुलं’ अशा बातम्या जगभर झळकल्या. पुढे मोजमाप झालं तेव्हा कळलं, की पानाफुलांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशापुढे ही चमक अगदीच नगण्य आहे. त्याची बातमी कोणी केली नाही.

बारावीच्या मुलांना गुलबक्षी ठाऊक असते ती कार्ल कॉरेन्समुळे. लाल आणि पांढऱ्याचा संकर केला की गुलाबी फूल, म्हणजे अपूर्ण प्रभाविता. हेच कॉरेन्स 1900 मध्ये मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्या तिघांपैकी एक. पण नऊ वर्षांनी याच गुलबक्षीनं त्यांना मेंडेलच्या हिशेबात न बसणारी गोष्ट दाखवली. त्यांच्याकडे पानांवर पांढरे-हिरवे पट्टे असलेली झाडं होती. अशा झाडाची एखादी फांदी पूर्ण हिरवी असते, एखादी पूर्ण पांढरी, बाकीच्या पट्टेदार. कॉरेन्सनी फांदीफांदीवर संकर केले. हिरव्या फांदीवरच्या बियांतून हिरवीच रोपं आली, पराग कुठलाही असो. पांढऱ्या फांदीच्या बियांतून पांढरीच, आणि ती बियातला साठा संपताच मेली. पट्टेदार फांदीनं तिन्ही प्रकार दिले. बापाचा काही संबंधच नव्हता!

विरजणाची गोष्ट आठवा. घरात दही संपलं तर ते कुणी पुस्तक वाचून नव्यानं बनवत नाही, शेजारून चमचाभर विरजण आणावं लागतं. पानांना हिरवा रंग देणाऱ्या हरितलवकांचं तसंच आहे. पेशी ती शून्यातून घडवत नाही, आधीच्या लवकांचे दोन भाग होऊनच नवी होतात. गुलबक्षीत पराग फक्त कृती लिहिलेला कागद घेऊन येतो, विरजण सगळं अंडपेशीतून, म्हणजे आईकडून येतं. ते बिघडलेलं असेल तर कृती कितीही उत्तम असो, दही लागत नाही. पट्टेदार फांदीत दोन्ही विरजणं मिसळलेली असतात, आणि पेशी विभागताना कुणाच्या वाट्याला काय येईल हे नशिबावर.

ही मांडणी कॉरेन्सची, असं पुस्तकं सांगतात. तसं नाही. कॉरेन्सना वाटत होतं, की पेशीद्रव्यच आजारी आहे आणि ते लवकांना पांढरं पाडतं. लवकं स्वतःचा वारसा घेऊन येतात आणि वाटली जातात, हे नेमकं म्हणणारा माणूस दुसरा: एर्विन बाउर. त्यांचं झाड होतं आपल्या कुंड्यांतलं जिरेनियम. गंमत अशी, की दोघांचे निबंध 1909 साली एकाच नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात छापले आहेत. कॉरेन्सचा निबंध पान 329 वर संपतो आणि बाउरचा पान 330 वर सुरू होतो. एक पान उलटण्याचे कष्ट पाठ्यपुस्तककारांनी घेतले असते तर! लवकांत स्वतंत्र डीएनए असतो हे 1960 च्या दशकात सिद्ध झालं. तोवर दोघेही, 1933 या एकाच वर्षी, जाऊन तीस वर्षं होत आली होती. बाउरना देव्हाऱ्यात बसवण्याचं कारण नाही. वंशशुद्धीचा पुरस्कार करणाऱ्या 1921 च्या कुप्रसिद्ध पाठ्यपुस्तकाचे ते सहलेखक होते. पण वनस्पतीतलं श्रेय त्यांचं त्यांना द्यावंच लागेल.

आता जालना. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि गाव बियाण्यांची राजधानी म्हणून ओळखलं जाऊ लागलं. कपाशी, मिरची, टोमॅटोचं संकरित बी आजही इथे आणि शेजारच्या देऊळगाव राजा परिसरात बहुतांशी हातानं तयार होतं. मादी झाडाच्या प्रत्येक कळीतले पुंकेसर काढायचे, मग नराचा पराग लावायचा. ‘क्रॉसिंग’चं हे काम मुख्यतः बायकाच करतात. ज्वारी-बाजरीत मात्र हे अशक्य, फुलं इतकी बारीक. तिथे गुलबक्षीचा नियम कामाला आला. टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी 1954 मध्ये अशी ज्वारी दाखवली, जिच्यात परागच धरत नाही, आणि हा गुण फक्त आईकडून उतरतो. इथे लवकांऐवजी दोष तंतुकणिकांत असतो, वारशाची वाट तीच. अशा मादीच्या ओळींशेजारी नराच्या ओळी लावल्या की बाकी काम वारा करतो. आपली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-1, 1964 मध्ये याच मार्गानं आली, आणि पाठोपाठ 1965 मध्ये लुधियानाची एचबी-1 बाजरी.

या युक्तीत धोकाही आहे. सगळ्यांनी एकाच आईचं विरजण वापरलं की सगळ्यांचं एकदम बिघडू शकतं. अमेरिकेत 1970 साली मक्याचं तेच झालं. बहुतेक संकरित मका एकाच प्रकारच्या पेशीद्रव्यावर उभा होता, नेमका त्याचाच बळी घेणारा करपा आला आणि देशाच्या पिकाचा सुमारे सातवा हिस्सा गेला.

तेव्हा वाचकहो, आयरिसची जागा मोकळी करा आणि तिथे दोन रंगांची गुलबक्षी लावा. जूनमध्ये बी टोकलं तर त्याच पावसाळ्यात फुलेल. दुपारी तीनच्या सुमारास, संध्याकाळी उमलणारी कळी हलकेच चिरून आतले पुंकेसर चिमट्यानं काढा, उमलल्यावर दुसऱ्या रंगाचा पराग लावा, देठाला दोरा बांधा. एका फुलातून एकच बी मिळतं, त्यामुळे दहा-बारा फुलं तरी करा. फुलांवरचे पट्टे पाहून मात्र फसू नका, ते उड्या मारणाऱ्या जनुकांचं काम असतं. आईच्या वारशासाठी पट्टेदार पानांचं झाड शोधा. आणि बी व मुळं विषारी आहेत, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.