हृदयाच्या झडपा आणि गावकुसाबाहेरची घरे

हृदयरोग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर खुर्चीत बसून काम करणारा, पोट सुटलेला, सुखवस्तू माणूस उभा राहतो. हा समज खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे. हृदयाचा एक रोग असाही आहे की जो पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना गाठतो, आणि तोही एका खोलीत सात-आठ माणसे निजणाऱ्या घरांत. वैद्यकात त्याला संधिवातजन्य हृदयरोग म्हणतात. मी डॉक्टर नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या शाळांतून आयुष्य काढलेला मास्तर आहे. पण हा रोग माझ्या घरात येऊन गेला आहे, म्हणून हे लिहितो.

१९७९ साली माझी धाकटी बहीण नऊ वर्षांची होती. पावसाळ्यात तिचा घसा सुजला, ताप आला आणि चार दिवसांत उतरला. दोन-तीन आठवड्यांनी तिचा गुडघा सुजला. तो ओसरतो न ओसरतो तोच घोटा, मग मनगट. आजी म्हणाली, "वाढत्या वयाचं दुखणं हाये, होईन बरं." एका डॉक्टरने दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. सांधे खरोखरच बरे झाले आणि आम्ही सारे विसरलो. १९८८ साली, पहिल्याच गरोदरपणात सातव्या महिन्यात, तिला आडवे निजता येईना. रात्र रात्र ती भिंतीला टेकून बसून श्वास घेई. मोठ्या दवाखान्यात नेले तेव्हा कळले की, तिच्या हृदयाची झडप आकसून गेली आहे. ती वाचली नाही, मूलही वाचले नाही. घसा आणि हृदय यांच्यामध्ये नऊ वर्षांचे अंतर होते. त्या नऊ वर्षांत तिला वाचवणारे औषध या देशात होते. आम्हाला ते ठाऊक नव्हते.

जंतू आणि दाह हृदयाला तीन थरांवर गाठतात. बाहेरच्या आवरणात पाणी साचते. आपल्याकडे त्याचे एक मोठे कारण क्षयरोग. मधल्या स्नायूला सूज येते. घटसर्पाने पूर्वी कितीतरी मुले अशी दगावली. तिसरा थर आतल्या अस्तराचा आणि झडपांचा. माझ्या बहिणीचा रोग प्रामुख्याने या थराचा. तो सुरू होतो घशात. स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू घसा धरतो. शरीर त्याच्याशी लढते, पण त्या जंतूच्या अंगावरची काही द्रव्ये हृदयातल्या द्रव्यांसारखी असतात. लढणाऱ्या पेशी मग आपल्याच हृदयाला शत्रू समजतात. असे थोड्याच मुलांच्या बाबतीत घडते. पण ज्याला एकदा झाले त्याला दुसऱ्यांदा होण्याचा धोका फार मोठा असतो. प्रत्येक खेपेला झडपांवर नवा व्रण उठतो. त्या जाड होतात, चिकटतात, गळू लागतात. सांध्यांची सूज मागे खूण ठेवत नाही, हृदयाची ठेवते. पुढे गरोदरपणात रक्ताचा भार वाढला की अरुंद झालेली झडप तो पेलू शकत नाही आणि फुफ्फुसांत पाणी भरते.

आता मुद्द्याचा प्रश्न. हा रोग कोणाला होतो? घशातला जंतू जात पाहत नाही हे खरे. पण तो श्वासातून आणि खोकल्यातून पसरतो, आणि एकाच गोधडीत चार भावंडे निजतात तिथे त्याला एका घशातून दुसऱ्या घशात जायला वेळ लागत नाही. युरोप-अमेरिकेतही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा रोग गरिबांच्या वस्त्यांत घर करून होता. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, तिथे तो पेनिसिलिन येण्याआधीपासूनच ओसरू लागला होता. घरे मोठी झाली, दाटी कमी झाली, अन्न सुधारले. पेनिसिलिनने उरलेले काम पुरे केले. आणि आजचे ऑस्ट्रेलिया पाहा. श्रीमंत देश, उत्तम दवाखाने. गोऱ्या लोकांतून हा रोग जवळपास गेला. त्याच देशातल्या आदिवासींत मात्र तो ठाण मांडून आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांची गोष्टही तशीच. हवा एक, सरकार एक, औषध एक. फरक आहे तो घरांचा आणि माणसाला दिलेल्या जागेचा.

आमच्या वर्धा जिल्ह्याला हे नव्याने सांगायला नको. १९३६ साली गांधीजी इथल्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले आणि खेडे हे देशाचे तीर्थ ठरले. १९६९ साली तिथेच देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या कस्तुरबा रुग्णालयाशी जोडून डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या दशकात सुगीला गावकऱ्यांकडून ज्वारी जमा करून आरोग्यविमा चालवला. या कामाचे मोल मी कमी लेखत नाही. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्याच्या गौरवावर जो प्रहार केला, त्याचा अर्थ मला बहिणीच्या मरणाने कळला. गावकुसाबाहेर दिलेली अपुरी जागा, तीत उभी राहिलेली कुडाची एकदारी खोली, बारा महिन्यांची मजुरी: ही रचना माणसाच्या छातीच्या आतपर्यंत जाते.

औषध स्वस्त आहे, हीच या रोगाची सर्वांत संतापजनक गोष्ट. पुण्याजवळ पिंपरीला सरकारने १९५४ साली पेनिसिलिनचा कारखाना उभारला. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तरी संधिज्वर टळतो. एकदा ज्वर येऊन गेलेल्या मुलाला दर एकवीस दिवसांनी लांब मुदतीच्या पेनिसिलिनची सुई घ्यावी लागते: निदान पाच वर्षे किंवा अठरा वर्षांचे वय होईपर्यंत, यांत जे उशिरा येईल तोवर. झडपा बिघडल्या असतील तर त्याहून पुष्कळ अधिक, काहींना जन्मभर.

एकवीस दिवसांनी एक म्हणजे वर्षाला सतरा सुया. म्हणजे आईच्या सतरा रोजी बुडाल्या. माझ्या वर्गात सहावीत एक मुलगा होता. कवायतीत त्याला धाप लागे, पूर्वी सांधे सुजल्याचे त्याची आई सांगे. मी त्याला तपासायला नेले आणि रोग लवकर सापडला. दोन वर्षे सुया नेमाने झाल्या. मग कापूस वेचणीच्या हंगामात लागोपाठ तीन चुकल्या. त्या माउलीला मी काय बोलणार होतो? वेचणीचे दिवस गेले की पुढच्या उन्हाळ्याचे पीठ गेले. ताप पुन्हा आला. पुढे राज्याच्या आरोग्य योजनेतून त्याची झडप बदलली. तो जगला, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि रक्ताची तपासणी आता जन्माची सोबत आहे. स्वस्त सुई चुकली की महागडी शस्त्रक्रिया येते, असा हा हिशेब आहे.

२०१८ साली जागतिक आरोग्य परिषदेने या रोगाविरुद्ध ठराव केला. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी होते आणि या रोगाचे नाव तिच्या यादीत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेची शस्त्रक्रिया होते. हे हक्क आहेत, उपकार नव्हेत. ते वस्तीपर्यंत आणणे हे आपले काम.

शिक्षकांनी वर्गात पाहावे: कोणाचे सांधे एकामागून एक सुजतात, कोणाला खेळताना धाप लागते, कोणाचे हातपाय अकारण उडतात, अक्षर अचानक बिघडते. हेही याच रोगाचे लक्षण असू शकते. विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या अशा मुलांची सुईची तारीख लिहून ठेवावी आणि आईची रोजी न बुडता त्यांना नेण्याची पाळी लावावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सुई आहे का, नसेल तर का नाही, हे कार्यकर्त्यांनी लेखी विचारावे. काही ठिकाणी रिॲक्शनच्या भीतीने ती टोचतच नाहीत. तिथे ती सावधपणे देण्याची सोय मागावी.

आणि घरकुलाच्या मोर्चात जाताना हेही ध्यानात असू द्यावे की, दोन खोल्यांचे, हवेशीर घर मागणारा माणूस आपल्या मुलांच्या हृदयाचे औषध मागत असतो. माझ्या बहिणीसाठी ते कोणी मागितले नाही. मीही नाही.