अनवाणी दंतकथेआडचा आबेबे बिकिला

आबेबे बिकिला म्हटले की अनवाणी पाय आठवतात, आणि बहुतेकांची माहिती तिथेच संपते. 10 सप्टेंबर 1960 रोजी रोममध्ये इथिओपियाच्या सम्राटाच्या अंगरक्षक दलातला हा जवान बूट न घालता ऑलिंपिक मॅरेथॉन धावला आणि 2 तास 15 मिनिटे 16.2 सेकंदांत जिंकला. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी. गोष्ट खरीच आहे. पण ती ‘गरीब देशातला निसर्गाने घडवलेला गडी’ अशा थाटात सांगितली जाते, तेव्हा त्याच्यावर अन्याय होतो. बूट त्याला मिळालेले होते. ते पायाला नीट बसेनात आणि अनवाणी धावण्याची सवय होतीच, म्हणून त्याने ते बाजूला ठेवले. स्वीडनहून आलेले प्रशिक्षक ओन्नी निस्कानेन यांच्या हाताखाली तो शिस्तीने तयार झाला होता आणि शर्यतीचा मार्ग दोघांनी आधी पाहून ठेवला होता. मोरोक्कोच्या राडी बेन अब्देसलामबरोबर तो बराच वेळ खांद्याला खांदा लावून धावला आणि शेवटच्या टप्प्यात अक्सुमच्या स्तंभाजवळ त्याने वेग वाढवला. हा स्तंभ मुसोलिनीच्या राजवटीने इथिओपियातून उचलून आणलेला! या विजयाला इतिहासाची धार आली ती अशी. पायांत बूट असते तरी ती बोथट झाली नसती.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हे सारे उंचीवरच्या विरळ हवेचे देणे. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून 2,300 मीटरहून उंच आहे, आणि अशा हवेत रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता वाढते, हे नाकारण्यात अर्थ नाही. 1968 मध्ये जवळपास तितक्याच उंच मेक्सिको सिटीत इथिओपियाचाच मामो वोल्दे जिंकला, हेही या आक्षेपाच्या बाजूने जाते. पण त्याच शर्यतीत दुखऱ्या पायामुळे बिकिलाला साधारण 17 किलोमीटरवर थांबावे लागले. उंचीने त्याला वाचवले नाही. शिवाय त्या डोंगराळ मुलखात माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, ऑलिंपिक सुवर्ण मात्र 1960 सालीच आले. उंची पाया देते, त्यावरचे बांधकाम सरावाचे.

त्याची खरी कसोटी टोकियोत लागली. 1964 च्या त्या शर्यतीआधी त्याच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होऊन सहा आठवडेही उलटले नव्हते. या वेळी पायांत बूट होते. 2 तास 12 मिनिटे 11.2 सेकंदांचा नवा जागतिक उच्चांक करून तो दुसऱ्या क्रमांकाच्या धावपटूच्या चार मिनिटे आधी पोहोचला, आणि मैदानातच अंग मोकळे करण्याचे व्यायाम करू लागला. रोमचा विजय नवख्याचे नशीब म्हणून खपवता आला असता. टोकियोनंतर ती सोय उरली नाही. 1969 च्या मोटार अपघाताने त्याचे पाय निकामी केले आणि 1973 मध्ये, वयाच्या 41 व्या वर्षी, तो गेला. ऑलिंपिक मॅरेथॉन लागोपाठ दोनदा जिंकणारे पुरुष आजवर तिघेच आहेत: बिकिला, पूर्व जर्मनीचा वाल्डेमार चिएरपिन्स्की आणि केनियाचा एलिउड किपचोगे.