बाप्तिस्म्यानंतरचें आयुष्य

बाप्तिस्म्याचा विधि कांहीं मिनिटांत आटोपतो. त्या विधीला शोभेल असें जगण्याला मात्र उरलेलें सारें आयुष्य लागतें, आणि तेंही पुष्कळदां अपुरें पडतें. पिढीजात ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेल्या मनुष्याला या कामाची विशेष जाणीव होत नाहीं. घरांतली वहिवाट त्याला सांभाळून नेते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांत ज्यानें स्वतःच्या विचारानें ख्रिस्ती धर्म पत्करला, त्याच्यापाशीं अशी वहिवाट नव्हती. ताटांत काय वाढावयाचें, अंगावर काय घालावयाचें, देवापुढें कोणत्या चालीवर गावयाचें, असा प्रत्येक प्रश्न त्याला नव्यानें सोडवावा लागे. मिशनच्या आवारांत या प्रश्नांचीं आयतीं उत्तरें मिळत. गांवांतील जुने शेजारीही उत्तर तयारच ठेवीत. मौजेची गोष्ट अशी कीं, पुष्कळदां हीं दोन्ही उत्तरें एकच असत: ख्रिस्ती झाला तो आपला राहिला नाहीं, साहेबाचा झाला. कित्येक मिशनरी हें समाधानानें म्हणत आणि शेजारी संतापानें, इतकाच काय तो फरक.

हें उत्तर ज्यांनीं नाकारलें, त्यांत पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक हीं दोन नांवें ठळक आहेत. दोघांचे स्वभाव अगदीं निराळे. रमाबाई शिस्तीच्या, हिशेबी, शब्दाला पक्क्या. टिळक लहरी, उदार, कवि. ख्रिस्तावरील श्रद्धा आचरणांत आणावयाची म्हणजे काय करावयाचें, याचीं त्यांनीं दिलेलीं उत्तरेंही म्हणून एका छापाचीं नाहींत.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें तें मुलीला दिलें. आईबाप व थोरली बहीण दुष्काळाच्या हालांत गेलीं. पुढें १८७८ मध्यें कलकत्त्याच्या पंडितसभेनें या तरुण मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' हीं बिरुदें दिलीं. वैधव्यानंतर त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें लहानग्या मनोरमेसह त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेथील मठवासिनी भगिनींना वाटलें, आतां ही शिष्या हळूहळू आपल्या वळणावर येईल. शिष्या आली नाहीं. तिनें शाकाहार सोडला नाहीं आणि लुगडेंही सोडलें नाहीं. गळ्यांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें असावीं कीं नसावीं, यावरून झालेला वाद तर प्रसिद्धच आहे. जी भाषा आपल्याला येत नाहीं आणि आपल्या देशबांधवांनाही येत नाहीं, ती क्रुसावर कशासाठीं, तीच गोष्ट संस्कृतांत कां लिहूं नये, असें त्यांनीं विचारलें. वरवर पाहतां हा हट्ट दिसेल. परंतु यामागें एक पक्का विचार होता. एका पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविल्यावर दुसऱ्याचें आपण होऊन चढवून घ्यावयाचें नाहीं, असा त्यांचा निश्चय होता. आणि धर्ममतांतील जी गोष्ट विवेकबुद्धीला पटली नाहीं, ती पटली असें त्यांनीं गुरुजनांच्या भिडेखातरही म्हटलें नाहीं. आश्रयदात्यांच्या घरीं राहून त्यांच्याशीं असें वागणें सोपें नसतें.

खरी कसोटी मात्र स्वदेशीं लागली. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें आणि पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. पैसा अमेरिकेंतील सहानुभूतिदारांचा, विद्यार्थिनी बहुतेक उच्चवर्णीय हिंदु बालविधवा, आणि संस्थेचें अभिवचन असें कीं येथें कोणत्याही धर्माचा उपदेश होणार नाहीं. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनीं सल्लागार होण्याचें मान्य केलें तें याच भरंवशावर. मुलींना आपापला आचार, सोवळें-ओवळें, व्रतें पाळण्याची सदनांत पूर्ण मोकळीक होती. अडचण एकच निघाली. रमाबाई सकाळीं आपल्या खोलींत प्रार्थना करीत आणि खोलीचें दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन आंत येऊन बसूं लागल्या.

दार लावून घेणें किती सोपें होतें! रमाबाईंनीं तें लावलें नाहीं. मुलींना जर आपला धर्म उघडपणें पाळण्याची मोकळीक आहे, तर आपणच तो चोरून कां पाळावा, हा त्यांचा प्रश्न होता. 'केसरी'नें टीकेची झोड उठविली, पालकांनीं बऱ्याच मुली काढून नेल्या आणि १८९३ मध्यें सल्लागार मंडळही दूर झालें. या वादांत रमाबाईंवर अन्याय झाला असें म्हणण्याची आतां रूढि पडली आहे. पण विरुद्ध बाजू अगदींच पोकळ नव्हती. ज्या बापानें समाजाचा रोष पत्करून विधवा मुलीला शाळेंत घातलें, त्याला दिलेल्या शब्दाचा अर्थ त्यानें आपल्या भीतीप्रमाणें लावला तर त्याला दोष देतां येत नाहीं. शिक्षिकेचें दार उघडें असणें हाही कोवळ्या मनाला एक उपदेशच असतो. रमाबाईंना हें कळत नसेल असें नाहीं. तरी उपदेश न करण्याचा शब्द आपण दिला होता, श्रद्धा लपविण्याचा दिला नव्हता, ही मर्यादा त्यांनीं आंखली आणि तिची किंमत भरली. एवढें मात्र खरें कीं, सदनांतील प्रत्येक मुलगी कांहीं ख्रिस्ती झाली नाहीं. गोदूबाई, म्हणजे १८९३ मध्यें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह करून पुढें आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेलेल्या बाई, याच सदनांत शिकल्या आणि हिंदूच राहिल्या.

यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. आईबापांना अन्नावांचून मरतांना जिनें पाहिलें, तिला धर्मचर्चा करीत बसवलें नाहीं. मध्यप्रांतांत जाऊन त्यांनीं सुमारें तीनशें अनाथ स्त्रिया व मुली केडगांवास आणल्या, आणि १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. पुणें-सोलापूर लोहमार्गावरील त्या उजाड माळावर विहिरी खणल्या, शेती उभी केली, तेलाचे घाणे, माग आणि छापखाना चालविला, आंधळ्या मुलींसाठीं बोटांनीं वाचावयाच्या ब्रेल लिपीची सोय केली. हीं कामें धर्मादायाच्या अन्नाला तोंडीलावणें म्हणून नव्हतीं. आज जिला उचलून आणली तिनें उद्यां आपल्या हातांनीं पोट भरावें, हा त्यांतला हेतु होता. मुक्तिसदनाचें कार्य केडगांवास अद्यापि चालू आहे.

टिळकांची वाट दुसरी. त्यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा. १८९३ मध्यें नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थानें त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाशीं येतांच हा कवि थबकला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यानें बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशीं लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. लहान दत्तूला घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधारानें राहिल्या. पुढें त्या परतल्या त्याही आपलें सोवळें घेऊन: वेगळी चूल, वेगळें पाणी. जगाला प्रेमाचा धर्म सांगणाऱ्या नवऱ्याची परीक्षा घ्यावयाची तर ती घरांतल्या या वेगळ्या घागरीपाशींच घेतली पाहिजे. टिळक त्या परीक्षेंत उतरले. बायकोवर त्यांनीं सक्ती केली नाहीं. जातिभेद मनुष्यानें केलेला आहे, देवानें नव्हे, हा उजेड लक्ष्मीबाईंच्या मनांत त्यांच्या स्वतःच्या विचारानेंच पडला, आणि राहुरीस १९०० मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या औदार्याबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दारीं आलेल्याला ते खिशांत असेल तें देऊन मोकळे होत, आणि महिन्याचा उरलेला खर्च कसा भागवावा हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या पदरांत पडे. 'स्मृतिचित्रें' वाचतांना हंसूं येतें, पण तें हंसूं दमलेल्या गृहिणीचें आहे. पतीच्या श्रद्धेचें मोल बहुधा पत्नीच चुकवीत असते; संतचरित्रांत या रकमेची नोंद सांपडत नाहीं, लक्ष्मीबाईंनीं ती करून ठेवली. त्याच घरांत बालकवि ठोमरे येऊन राहिले आणि मुलासारखे वाढले. ते ख्रिस्ती झाले नाहींत, आणि त्यामुळें कोणाचें प्रेम उणें झालें नाहीं.

उपासनेच्या बाबतींत टिळकांनीं जें केलें त्याचें महत्त्व अजूनही कमी होत नाहीं. त्यांच्यापूर्वींचीं पुष्कळ मराठी ख्रिस्ती गीतें इंग्रजी चालींवर बेतलेलीं होतीं. इंग्रजी पद्यांत आघाताला महत्त्व, मराठींत ऱ्हस्व-दीर्घाला. परकी चाल सांभाळतांना दीर्घ अक्षर आंखडावें लागे, ऱ्हस्व ताणावें लागे, आणि खेड्यांतील मनुष्याला तें गाणें आपल्या भाषेंतलें आहे हेंच समजत नसे. टिळकांनीं अभंग, ओवी, भजन, कीर्तन हीं घरचीं साधनें हातीं घेतलीं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशीं पोहोंचलों, असें ते सांगत. जो पूल ओलांडला तो मागें वळून मोडावा, असें त्यांना कधीं वाटलें नाहीं. त्यांचीं भजनें मराठी मंडळ्यांतून आजही गाइलीं जातात.

१९१७ मध्यें त्यांनीं अमेरिकन मराठी मिशनचें वेतन सोडलें, भगवीं वस्त्रें घेतलीं आणि सातारा येथें 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताला गुरु मानणारा कोणीही, त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, त्या दरबारांत बसूं शकत असे. पुष्कळ ख्रिस्ती मंडळींना हें विपरीत वाटलें. आणि पन्नाशी उलटलेल्या, प्रकृतीनें खचलेल्या माणसानें बांधलेला पगार सोडावा हें घरच्यांना परवडणारें नव्हतेंच. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजीं, मुंबईस त्यांचें देहावसान झालें. त्यांच्यामागें दरबाराला फारसें बळ उरलें नाहीं.

रमाबाईंचे अखेरचे दिवस बायबलच्या मुद्रितांवर गेले. मूळ हिब्रू व ग्रीक ग्रंथांवरून, खेड्यांतील बाईलाही कळेल अशा सोप्या मराठींत त्यांनीं तें एकटीनें उतरविलें होतें. आदल्या वर्षीं मनोरमा गेली होती. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या स्वतः गेल्या, आणि केडगांवच्या छापखान्यांत बायकांनीं जुळविलेला तो ग्रंथ १९२४ मध्यें बाहेर पडला. टिळकांचें 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवरच अडलें होतें. तें पुढें नेण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं अंगावर घेतलें. ज्यांना लग्नानंतर अक्षरओळख झाली आणि ज्यांचे ऱ्हस्व-दीर्घ अखेरपर्यंत चुकत राहिले, त्या बाईंनीं उतारवयांत ओवीमागून ओवी रचीत साठांहून अधिक अध्याय लिहिले.