वलय-परिणाम
व्यक्तीच्या एखाद्या ठळक गुणामुळे तिच्याविषयी बनलेल्या मताची छाया तिच्या इतर, त्या गुणाशी असंबद्ध अशा गुणांच्या मूल्यमापनावर पडणे, यास मानसशास्त्रात ‘वलय-परिणाम’ म्हणतात. संतादिकांच्या चित्रांत मस्तकाभोवती दाखविल्या जाणाऱ्या तेजोवलयावरून ही संज्ञा आली. एडवर्ड ली थॉर्नडाइक (१८७४–१९४९) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये तिचा शास्त्रीय उपयोग केला. सैनिकी अधिकाऱ्यांनी हाताखालील व्यक्तींची शरीरयष्टी, बुद्धिमत्ता, नेतृत्व व चारित्र्य यांना दिलेल्या गुणांकांत त्यास वाजवीपेक्षा फार अधिक सहसंबंध आढळला.

कॅरेन डायन, एलन बर्शाइड व इलेन वॉल्स्टर यांनी १९७२ मध्ये असे दाखविले, की केवळ छायाचित्र पाहूनही लोक सुस्वरूप व्यक्तीस अधिक सद्‌गुणी व यशस्वी समजतात. मात्र हा परिणाम सर्वत्र सारखा नसतो. एलिस ईगली व सहकारी यांच्या १९९१ मधील समीक्षेनुसार तो सामाजिक कौशल्याविषयीच्या मतांत सर्वाधिक, तर सचोटीविषयीच्या मतांत नगण्य असतो.

वलय-परिणामामुळे प्रत्यक्ष वर्तनही बदलते. मार्क स्नायडर, एलिझाबेथ टॅंके व बर्शाइड यांच्या १९७७ मधील प्रयोगात पुरुषांनी अपरिचित स्त्रियांशी दूरध्वनीवर संभाषण केले. त्यांना आधी दाखविलेली छायाचित्रे त्या स्त्रियांची नव्हती. ज्या स्त्रिया सुंदर असल्याचा समज करून देण्यात आला होता, त्यांचे बोलणेच अधिक मोकळे व स्नेहपूर्ण झाल्याचे त्रयस्थ श्रोत्यांना आढळले. समोरच्याच्या अपेक्षेनेच ते गुण फुलविले होते.

सुस्वरूप वा यशस्वी व्यक्तींचा सल्ला इतरांना पुष्कळदा का लागू पडत नाही, याचा उलगडा यातून होतो. ‘संकोच सोडून बोला’ असे सांगणाऱ्यास लोकांचे आयते स्वागत जन्मभर लाभलेले असते. त्याचे श्रेय मात्र तो आपल्या धिटाईस देतो. यात लबाडी नसते. रिचर्ड निस्बेट व टिमथी विल्सन यांच्या १९७७ मधील लेखात वर्णिलेल्या एका पाहणीत, एकसारख्याच चार मोज्यांच्या जोड्यांपैकी लोकांनी सर्वांत उजवीकडील जोडी इतर कोणत्याही जोडीपेक्षा अधिक वेळा निवडली. परंतु कारण सांगताना तिच्या स्थानाचा उल्लेख कोणीही आपण होऊन केला नाही. आपल्या वर्तनाची खरी कारणे माणसास नेहमीच ज्ञात असतात असे नाही.

ऐकणाराही याच वलयाने दिपतो व एका क्षेत्रातील यशास सर्व क्षेत्रांतील अधिकार मानतो. शिवाय तोच मार्ग अनुसरून अपयशी ठरलेल्यांची साक्ष त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दुसऱ्या महायुद्धात परतलेल्या विमानांवरील हानीवरून न परतलेल्या विमानांची मर्मस्थाने कशी अनुमानावीत, हे आब्राहाम वॉल्ड (१९०२–५०) या संख्याशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये दाखविले. तीच दृष्टी येथेही आवश्यक ठरते.

सल्ला निष्फळ ठरला की दोष आपल्या प्रयत्नांचाच, असे मानून अनेकजण खचतात. वास्तविक सल्ल्यातील शिकता येण्याजोगे कौशल्य आणि सल्लागारास लाभलेली अनुकूलता यांची फारकत करणे इष्ट होय. ज्यांची परिस्थिती आपल्यासारखी होती, त्यांचा अनुभव याबाबत अधिक उपयुक्त ठरण्याचा संभव असतो.