मॉडेलला कोड दिसत नाही

एआय एजंट रेल्वेच्या तिकिटाची स्थिती सांगतो, तेव्हा त्यामागचं मॉडेल स्वतः रेल्वेच्या संगणकापर्यंत गेलेलं नसतं. ते फक्त लिहून देतं: अमुक टूल चालवा, त्याला हा क्रमांक द्या. टूल चालवतो बाहेरचा प्रोग्राम, आणि आलेलं उत्तरही तो मॉडेलपुढे मजकूर म्हणूनच ठेवतो. ओपनएआयने जून 2023मध्ये मॉडेलला टूल मागवू देणारं ‘फंक्शन कॉलिंग’ आणलं, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024मध्ये टूल्स जोडण्याचा ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ खुला केला, आणि अशी टूल्स लिहिणं अनेक प्रोग्रॅमरांचं रोजचं काम झालं. टूलचं वर्णन मात्र बहुतेकदा सर्वात शेवटी, घाईत उरकलं जातं.

याचं मूळ एका गैरसमजात आहे. वर्णन म्हणजे कोडच्या माथ्यावरची टीप, ती अपुरी असली तरी कोड वाचून बाकीचं कळतं, असं धरलं जातं. माणसाच्या बाबतीत ते खरंही आहे. पण मॉडेलपुढे येतं ते टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा, एवढंच. कोडमध्ये घेतलेली काळजी यात उतरली नसेल, तर मॉडेलला तिचा पत्ताच नसतो.

पीएनआर तपासणाऱ्या टूलला ‘तिकिटाची माहिती देतं’ एवढंच वर्णन दिलं, असं समजा. प्रवाशाने ‘माझी गाडी कुठवर आली?’ असं विचारलं तरी मॉडेल हेच टूल उचलू शकतं, किंवा गाडीचा 5 अंकी क्रमांक पीएनआरच्या जागी टाकू शकतं. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘10 अंकी पीएनआरवरून आरक्षणाची सध्याची स्थिती सांगतं: कन्फर्म, आरएसी की वेटिंग. पीएनआर प्रवाशाने दिलेला असावा. नसेल तर विचारा, अंदाजाने भरू नका. गाडी आत्ता कुठे आहे हे यातून कळत नाही, त्यासाठी गाडीचा ठावठिकाणा सांगणारं टूल वापरा. यातून तिकीट रद्द होत नाही.’ मला यातली शेवटची दोन वाक्यं सर्वात मोलाची वाटतात. टूल काय करतं हे बनवणारा सहज लिहितो; ते काय करत नाही हे त्याला इतकं ठाऊक असतं की लिहायचं सुचतच नाही.

मॉडेल हुशार असलं की वर्णनाची गरज कमी होते, असंही म्हटलं जातं. पण अँथ्रॉपिकने 2025मध्ये स्वतःचाच एक वेगळा अनुभव मांडला आहे. त्यांच्या क्लॉड या मॉडेलला वेबवर शोध घेण्याचं टूल दिल्यावर ते शोधशब्दांना विनाकारण ‘2025’ जोडू लागलं आणि निकाल बिघडू लागले. उपाय म्हणून वर्णनाचा मजकूर सुधारण्यात आला, आणि तेवढ्याने मॉडेल वळणावर आलं.

‘थोडक्यात लिहा, टोकन वाचतात’ या सल्ल्यात अर्धं सत्य आहे. टोकन म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते; वर्णन मॉडेलपुढच्या मजकुरात जागा घेतं, त्यामुळे पाल्हाळ महागच पडतो. पण चुकीचं टूल चालणं, त्रुटी येणं आणि पुन्हा प्रयत्न होणं यालाही टोकन लागतात, शिवाय वापरणाऱ्याचा वेळ जातो. साध्या टूललासुद्धा तीन-चार वाक्यं द्यायला मी कचरणार नाही. कात्री लावायचीच तर एकसारख्या दिसणाऱ्या टूल्सच्या संख्येला लावावी.

आराखडा काटेकोर केला की काम झालं, हाही भ्रमच. आराखडा माहितीचा आकार तपासतो, अर्थ नाही. ‘05/06’ ही तारीख भारतात 5 जून, अमेरिकेत 6 मे. दोन्ही आराखड्यात चपखल बसतात. म्हणून वर्ष-महिना-दिवस हा क्रम उदाहरणासह लिहावा. रकान्याचं नाव नुसतं ‘प्रवासी’ ठेवलं तर नाव हवं की ओळख क्रमांक, हे कळायला मार्ग नाही. त्रुटीचा संदेशही मॉडेल वाचतं: ‘त्रुटी 400’ यातून ते काही शिकत नाही, ‘9 अंक आले, 10 हवेत’ यातून शिकतं.

काही वेळा मात्र वर्णन कितीही घोटलं तरी चूक थांबत नाही, कारण टूलचीच रचना निसरडी असते. अँथ्रॉपिकच्या कोड लिहिणाऱ्या एजंटने फोल्डर बदललं की फाइलचा अर्धवट पत्ता चुकायचा. त्यांनी टूलला पूर्ण पत्ताच बंधनकारक केला आणि ती चूक थांबली.

शेवटचा गैरसमज धोक्याचा आहे: वर्णनात ताकीद दिली की सुरक्षा झाली. तिकीट रद्द करणाऱ्या टूलच्या वर्णनात ‘रद्द करण्याआधी प्रवाशाला विचारा’ हे वाक्य जरूर लिहावं, मॉडेल बहुधा ते पाळेलही. पण पाळेलच याची हमी नाही. प्रवाशाने होकाराचं बटण दाबेपर्यंत रद्द करण्याची विनंती अडवून धरणं हे प्रोग्रामचं काम आहे. उलट बाजूने वर्णनच हत्यारही होतं. एप्रिल 2025मध्ये एआय सुरक्षेवर काम करणाऱ्या इन्व्हेरियंट लॅब्सने दाखवून दिलं, की निरुपद्रवी दिसणाऱ्या टूलच्या वर्णनात छुप्या सूचना पेरून एजंटला वापरकर्त्याच्या खासगी फाइल्स वाचायला आणि बाहेर पाठवायला लावता येतं. त्यामुळे दुसऱ्याने बनवलेलं टूल जोडण्याआधी त्याचं वर्णन माणसाने अक्षर न् अक्षर वाचावं, आणि टूलची नवी आवृत्ती आली की पुन्हा वाचावं.