विश्लेषण : कुळाच्या वडीलधाऱ्यांनी सावरलेला ‘देश’… सोमालीलँडमधील इसाक कोण आहेत?

स्वतःचे चलन, पासपोर्ट, संसद आणि निवडणुका असूनही सोमालीलँडला तीन दशकांहून अधिक काळ संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने मान्यता दिली नव्हती. २६ डिसेंबर २०२५ रोजी इस्रायलने ती दिली आणि हा प्रदेश चर्चेत आला. त्याची कहाणी समजून घ्यायची, तर तेथील सर्वांत मोठ्या कुळाची, म्हणजे इसाकांची ओळख करून घ्यावी लागते.

इसाक कोण आहेत?

अरबस्तानातून आलेले धर्मोपदेशक शेख इसाक हे आपले मूळपुरुष, अशी या कुळाची श्रद्धा आहे. किनाऱ्यावरील मैद येथे त्यांची कबर आहे. हबर अवल, हबर जेलो, हबर युनिस, ईदगले आणि अरप या इसाकांच्या प्रमुख शाखा. उंट आणि शेळ्या-मेंढ्या हे त्यांचे पारंपरिक धन. हर्गेसा, बुराओ आणि बर्बेरा ही त्यांची मुख्य शहरे.

मुंबईशी संबंध कसा?

ब्रिटिशांनी १८८४ मध्ये या किनाऱ्यावर पाय रोवले. १८९८ पर्यंत येथील कारभार एडनमधून चाले आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या अखत्यारीत होते. भारतीय रुपयाही येथे अनेक वर्षे चलनात होता.

कुळाचा कायदा कसा चालतो?

मुलांना बापाकडून मागे जाणाऱ्या पूर्वजांची नावे तोंडपाठ करायला लावतात. दोन अनोळखी माणसे भेटली, की या नावांवरून नाते आणि जबाबदारी ठरते. अलिखित कायद्याला ‘हेर’ म्हणतात (मराठीतील हेराशी त्याचा संबंध नाही). खून झाल्यास परंपरेने पुरुषासाठी १०० आणि स्त्रीसाठी ५० उंटांची भरपाई ठरते. ती एकटा गुन्हेगार नव्हे, तर त्याचा संपूर्ण गट भरतो. त्यामुळे तापट तरुणाला आवरणे ही सगळ्यांचीच गरज बनते. मात्र एकाच्या गुन्ह्याचा भुर्दंड निरपराधांनाही बसतो.

१९८८ मध्ये काय घडले?

हुकूमशहा सियाद बारे यांच्या विरोधात १९८१ मध्ये ‘सोमाली नॅशनल मूव्हमेंट’ ही मुख्यतः इसाकांची संघटना उभी राहिली. मे १९८८ मध्ये तिने बुराओ आणि हर्गेसावर चढाई केली. उत्तर म्हणून सरकारने आपल्याच शहरांवर बॉम्ब टाकले. विमाने हर्गेसाच्याच विमानतळावरून उडत होती. या काळातील इसाक बळींचे अंदाज ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत आहेत. लाखो लोक इथिओपियात पळाले. एक मिग विमान आजही हर्गेसाच्या चौकात स्मारक म्हणून उभे आहे.

मग सूड का उगवला नाही?

१९९१ मध्ये बारे यांची राजवट कोसळली. त्यांची बाजू घेणाऱ्या शेजारच्या कुळांवर सूड घेणे इसाकांना शक्य होते. त्याऐवजी सर्व कुळांचे वडीलधारे बुराओत बसले आणि १८ मे १९९१ रोजी स्वातंत्र्य जाहीर झाले. पुढे इसाकांच्या शाखा आपसातही लढल्या. पण १९९३ च्या बोरामा परिषदेत वडीलधाऱ्यांच्या ८२ सदस्यांच्या ‘गुर्ती’ला संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे स्थान मिळाले. २००३ मध्ये अल्पसंख्य गडबूर्सी कुळाचे दाहिर रियाले प्राथमिक निकालात अवघ्या ८० मतांनी अध्यक्षपदी निवडून आले. पराभूत उमेदवार इसाक होते. वाद झाला, पण निकाल मानला गेला.

व्यवस्थेच्या मर्यादा कोणत्या?

‘गुर्ती’साठी जनतेने कधीच मतदान केलेले नाही. सदस्याच्या मृत्यूनंतर जागा नातलगाकडे जाते, तर स्त्रियांना तेथे जवळपास स्थानच नाही. पूर्वेकडील धुलबहांते कुळातील अनेकांना सोमालियातच राहायचे आहे. २०२३ मध्ये लास अनोद येथे मोठा संघर्ष झाला आणि सोमालीलँडच्या फौजांना माघार घ्यावी लागली.

पुढे काय?

इस्रायलच्या निर्णयावर सोमालिया आणि आफ्रिकी संघाने तीव्र आक्षेप घेतला. बाहेरून मान्यता मिळवण्याइतकेच, हे केवळ इसाकांचे राज्य नाही असा विश्वास इतर कुळांना देणे, हेही हर्गेसापुढील मोठे आव्हान आहे.