देशावरच्या प्रवाळासाठी चुन्याची निवळी

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग शाळेत आपण सगळ्यांनी केला आहे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि निवळीतला चुना एकत्र येऊन कॅल्शियम कार्बोनेट होते आणि त्याचे पांढरे कण पाण्यात तरंगू लागतात. समुद्रातले कठीण प्रवाळ जन्मभर हेच कॅल्शियम कार्बोनेट बनवत असते. ते मात्र कण सांडू देत नाही, अंगाखाली थरावर थर देत जाते. काचेच्या टाकीत प्रवाळ वाढवणाऱ्यापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न यातूनच निघतो. प्रवाळाने पाण्यातून उचललेले कॅल्शियम परत भरायचे कसे?

या प्रश्नाची उत्तरे बहुतेक जर्मनी आणि अमेरिकेत तयार झाली. तिथल्या घरांचे तापमान, हवा आणि वीज आपल्याहून वेगळी. म्हणून मी हा प्रश्न मुद्दाम लेण्याद्रीच्या पायथ्याशी आणून ठेवतो. जुन्नरजवळच्या गोळेगावात, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर कोणी दोनशे लिटरची प्रवाळाची टाकी मांडली, तर त्याने काय निवडावे? माझे उत्तर ठरलेले आहे: चुन्याची निवळी. मात्र वर्षातले चार महिने ती एकटी पुरणार नाही, आणि ते का, हे समजून घेतल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

आधी गरज पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, मॅग्नेशियम १२८० च्या आसपास, आणि कार्बोनेटची क्षारता सुमारे ७ डीकेएच. टाकीवाले तिला नुसते ‘केएच’ म्हणतात. प्रवाळ कॅल्शियम आणि केएच ठरलेल्या प्रमाणात उचलते. लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम कमी झाले की केएच २.८ अंशांनी उतरतो. कॅल्शियमचा साठा मोठा असल्याने तेवढी घट जाणवत नाही, केएच मात्र पार ढासळलेला असतो. रोजची चाचणी करायची ती म्हणूनच केएचची.

‘आमच्या बोअरचे पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात, मग कॅल्शियम वेगळे कशाला?’ असा विचार जुन्नर-आंबेगावात सहज मनात येईल. त्यात तथ्य नाही असे नाही. इथला खडक बेसॉल्ट. त्यातल्या खनिजांत कॅल्शियम आहे, पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी ते झिजवून काढते, आणि कोरड्या हवेत त्याचे चुनखडीचे खडे काळ्या रानात साचतात. देशावर पूर्वी असेच खडे भट्टीत भाजून बांधकामाचा चुना करत. उरलेले कॅल्शियम कुकडीतून घोडला, घोडमधून भीमेला आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला मिळते. अरबी समुद्र नाणेघाटापलीकडे सरळ रेषेत शंभरएक किलोमीटरवर असूनही जुन्नरचा चुना पूर्वेला जातो, या गोष्टीचे मला फार आकर्षण वाटते. पण बोअरच्या पाण्यात चुन्यासोबत सिलिका असते आणि शेतातल्या खतांचे नायट्रेटही. टाकीत त्यावर शेवाळ माजते. लेण्याद्रीच्या भिक्षूंनी डोंगरात पोढी कोरून पावसाचे पाणी साठवले. आज टाकीवाल्याने तितकेच मृदू पाणी आरओ यंत्रातून काढावे आणि कॅल्शियम आपल्या हाताने, मोजून घालावे.

निवळीचा उपयोग प्रवाळासाठी करण्याची पद्धत १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी जर्मन वाचकांपर्यंत पोहोचवली. जर्मन शब्द ‘काल्कवासर’ जगभर रूढ झाला. आपल्याकडे त्या पाण्याला आधीपासून नाव आहे आणि ते करण्याची रीतही माहीत आहे. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, ढवळायचा, स्थिर होऊ द्यायचा आणि वरचे नितळ पाणी काढून घ्यायचे. टाकीसाठी पानाच्या डबीतला किंवा रंगाच्या दुकानातला चुना मात्र वापरू नये. पहिल्यात काय काय मिसळलेले असते याचा भरवसा नाही आणि दुसऱ्यात लोह, मॅग्नेशिया, माती असे बरेच काही येते. खाद्य किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाचे कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे. ते महाग नाही.

आरओच्या एका लिटरला दोन ग्रॅम पूड पुरते. त्यातले १.७ ग्रॅमच्या आसपास विरघळते, बाकीचे तळाला बसते. चुना गरम पाण्यापेक्षा गार पाण्यात जास्त विरघळतो, त्यामुळे पाणी तापवून उपयोग नाही. झाकणाचा डबा हवा. उघड्यावर ठेवले तर हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून वर पापुद्रा धरतो. तो पापुद्रा म्हणजे वाया गेलेला चुना. रात्रभर निवू द्यावे, तळाला हात लावू नये. न विरघळलेली घाण आणि जड धातू बऱ्याच अंशी त्या गाळातच राहतात, आणि ही निवळीची फार मोठी सोय आहे. हे नितळ पाणी चांगलेच दाहक असते, त्याचा पीएच १२.४ च्या घरात जातो. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि डबा लहान मुलांच्या हाती लागता कामा नये.

अशा एका लिटर निवळीत ८०० ते ९०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि त्याला जोडीने लागणारी क्षारता नेमक्या प्रमाणात असते. दोन्ही एकाच डब्यात आणि दुसरे काहीही नाही. मागे मीठ उरत नाही, सल्फेट उरत नाही. शिवाय निवळी टाकीतला कार्बन डायऑक्साइड खाऊन पीएच वर ठेवते. प्रवाळाला सांगाडा रचायला तेच हवे असते. इतर कोणत्याही पद्धतीत एवढा स्वच्छ हिशेब मला दिसलेला नाही.

द्यायची मात्र थेंबाथेंबाने. एकदम ओतली तर त्या जागी पीएच उसळतो, टाकीतलेच कॅल्शियम आणि कार्बोनेट पांढरे होऊन खाली बसते, आणि भरायला गेलो तेच गमावून बसतो. औषधाच्या दुकानात मिळणारा सलाईनचा सेट या कामाला उत्तम. डबा उंचावर ठेवावा, चाकाने थेंब ठरवावेत आणि पाण्याच्या वेगवान प्रवाहात सोडावेत. वेळ रात्रीची. दिवे बंद झाले की प्रकाशसंश्लेषण थांबते, पीएच उतरतो, आणि निवळी त्या उताराला टेकू देते. दिवसभरातली पीएचची वाढ ०.२ च्या आत राहावी. पाण्याची पातळी ओळखून आपोआप पंप लावणारी यंत्रे मिळतात, पण पातळीचा तरंगता गोळा अडकला तर सगळा डबा टाकीत रिकामा होतो. वीज येते-जाते अशा गावात मी गुरुत्वाकर्षणावर जास्त विश्वास ठेवीन. आणि यंत्र लावायचेच असेल तर डबा एवढा लहान ठेवावा, की तो पूर्ण सांडला तरी टाकी वाचेल.

आता निवळीची मर्यादा. ती टाकीत तेवढीच जाऊ शकते, जेवढे पाणी वाफ होऊन उडाले. मीठ उडत नाही, नुसते पाणी उडते, आणि तेवढी जागा निवळीला मिळते. दोनशे लिटरच्या, बऱ्यापैकी प्रवाळ असलेल्या टाकीला रोज लिटरमागे १० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते असे धरू. म्हणजे दिवसाला दोन ग्रॅम, म्हणजे अडीच लिटर निवळी. एप्रिल-मेमध्ये जुन्नरची हवा कोरडी असते, पारा चाळिशीला टेकतो, आणि टाकी २६ अंशांवर ठेवण्यासाठी पाण्यावर पंखा लावावाच लागतो. अशा दिवसांत अडीच-तीन लिटर सहज उडतात. पंखा टाकी गार करतो आणि निवळीला जागाही करून देतो. युरोपातल्या बंद, थंड खोल्यांपेक्षा ही पद्धत देशावरच्या उन्हाळ्याला जास्त शोभते.

आषाढात चित्र उलटते. घाटाकडून ढग येतात, खिडक्या बंद होतात, हवा ओलीचिंब, पंख्याची गरज उरत नाही. बाष्पीभवन लिटरभरावर आले की निवळीतून ८५० मिलिग्रॅमच कॅल्शियम जाणार, गरजेच्या निम्म्याहूनही कमी. भरीस भर, बंद घरात माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टाकीचा पीएच उतरतो. निवळी सर्वांत जास्त हवी असते तेव्हाच तिला टाकीत जागा नसते. परदेशी पुस्तकांवरून पद्धत निवडणारा टाकीवाला नेमका इथे फसतो.

ही तूट दोन बाटल्यांनी भरायची. एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत खाण्याचा सोडा. वरच्या हिशेबात रोज १.१५ ग्रॅम कॅल्शियम कमी पडते. त्यासाठी पाणीयुक्त कॅल्शियम क्लोराइड ४ ग्रॅमांहून थोडे जास्त आणि सोडा ५ ग्रॅमांहून थोडा कमी लागेल. दोन्ही वेगवेगळे विरघळवून, टाकीत वेगवेगळ्या वेळी द्यायचे. एकत्र केले तर बाटलीतच पांढरा साका बसेल. नारायणगावच्या टोमॅटो उत्पादकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. फळाचे बूड काळे पडू नये म्हणून तो ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सोडतो, आणि ते सल्फेट किंवा फॉस्फेटच्या खतासोबत एका टाकीत कधीच मिसळत नाही, कारण साका होऊन ड्रीपर तुंबतात. या तालुक्यात ज्याला ठिबकचे खत कळते, त्याला प्रवाळाची टाकी निम्मी कळलेलीच असते.

दोन बाटल्यांचा दोष म्हणजे मागे उरणारे मीठ. वरच्या मात्रेने रोज सव्वातीन ग्रॅमांहून थोडे अधिक साधे मीठ तयार होते. चार महिन्यांत ४०० ग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरमध्ये लिटरमागे दोन ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. त्यात दोनची भर प्रवाळाला दुर्लक्ष करण्याइतकी लहान नाही. हान्स-वेर्नर बालिंग या जर्मन अभ्यासकाने १९९० च्या दशकात यावर तिसरी बाटली सुचवली. तिच्यात सोडियम क्लोराइड वगळून समुद्राचे बाकीचे क्षार असतात, म्हणजे मागे उरते ते समुद्राच्याच प्रमाणातले मीठ. ही बाटली मिळाली तर घ्यावी. नाही तर नियमित थोडे पाणी बदलावे आणि खारटपणा मोजत राहावा.

तिसरी पद्धत कॅल्शियम रिअ‍ॅक्टरची. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या मत्स्यालयातल्या रोल्फ हेबिंगहाउस यांच्या कामातून ती रुजली. मेलेल्या प्रवाळाचा चुरा एका नळकांड्यात भरायचा, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साडेसहाच्या जवळ आणायचा, चुरा विरघळतो आणि ते पाणी टाकीत ठिबकते. मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांना हे यंत्र योग्य आहे. गोळेगावातल्या दोनशे लिटरला नाही. सिलिंडर भरायला शहर गाठावे लागेल, आणि हे पाणी पीएच आणखी खाली ओढते. पावसाळ्यात आपली तक्रारच मुळात ती आहे.

प्रवाळ आणायचे कुठून, हे मी शेवटी सांगतो आहे, पण टाकीवाल्याने ते सर्वांत आधी ठरवावे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला प्रवाळ आहे. मालवणच्या समुद्रात आहे, विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत अँग्रिया बँकच्या बुडालेल्या पठारावर आहे, मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरही आहे. किनारी रस्त्याच्या कामात येणाऱ्या तिथल्या प्रवाळांचे २०२० मध्ये स्थलांतर करण्यात आले. २००१ पासून देशातले सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीत. मालवणच्या खडकावरून नखाएवढा तुकडा काढणेही गुन्हा आहे आणि तो गुन्हाच असायला हवा. परवान्याने आयात झालेले, टाकीतच तुकड्यांपासून वाढवलेले प्रवाळ कागदपत्रांसह मिळत असेल तरच घ्यावे. कागद नसतील तर नुसते मासे ठेवावेत. त्यांच्यासाठी निवळीची गरजच पडत नाही.

कागदपत्रे पुरी असतील आणि टाकी उभी राहिली, तर तिचे वर्ष साधारण असे जाईल. फेब्रुवारी ते मे पूर्ण निवळी. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर केएच रोज मोजायचा, तो सलग दोन दिवस उतरला की दोन बाटल्या सुरू करायच्या, पण निवळीचे थेंब बंद करायचे नाहीत. मॅग्नेशियम महिन्यातून एकदा तपासायचे, कारण निवळीतून ते मिळत नाही, आणि ते घटले की कॅल्शियम आणि केएच दोन्ही पाण्यात टिकत नाहीत. ऑक्टोबरच्या उकाड्यात हवा कोरडी झाली की बाटल्यांची मात्रा आठवड्याआठवड्याने कमी करत निवळीवर परत यायचे. थंडीत बाष्पीभवन मध्यम असते. तेव्हा कोणाचा वाटा किती, हे रोजचा केएचच सांगेल.